पहिला रिसर्च प्रोजेक्ट: प्रश्न सापडण्यापासून पोस्टर लागेपर्यंत

एमबीबीएसच्या सेकंड इयरला असताना आमच्या नोटीस बोर्डावर एसटीएसची, म्हणजे विद्यार्थ्यांना संशोधनासाठी मिळणाऱ्या स्टुडंटशिपची, नोटीस लागली. आम्ही पाच-सहा जणींनी ती उभ्या उभ्या वाचली आणि मेसला गेलो. ‘हे आपलं काम नाही’ असं तोंडानं कुणी म्हणालं नाही, म्हणायची गरजच नव्हती. मी परभणी जिल्ह्यातल्या खेड्यातली, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. संशोधन म्हणजे मोठ्या शहराचं, मोठ्या लॅबचं आणि फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्यांचं, हे डोक्यात पक्कं बसलेलं. पुढच्या वर्षी तीच नोटीस पुन्हा लागली तेव्हा माझ्याकडे एक प्रश्न होता, म्हणून अर्ज भरला. आता इंटर्नशिप चालू आहे, आणि दर आठवड्याला कुणीतरी ज्युनियर होस्टेलवर येऊन विचारते, ‘ताई, सुरुवात कुठून करायची?’ तेच इथं एकदा सविस्तर लिहून ठेवते.

घाटी (छत्रपती संभाजीनगरचं सरकारी मेडिकल कॉलेज), अंबाजोगाई, नांदेड, लातूर इथल्या मुलांना विचारायला निदान सीनियर तरी आहेत. परभणी, धाराशिव, जालना, हिंगोली ही सरकारी कॉलेजं अगदी अलीकडची. तिथल्या पहिल्या-दुसऱ्या बॅचला तेही नाहीत. हा लेख आधी त्यांच्यासाठी.

एसटीएस म्हणजे काय, ते थोडक्यात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, म्हणजे आयसीएमआर, १९७९ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ही शॉर्ट टर्म स्टुडंटशिप चालवते. दोन महिन्यांचं काम, एक गाईड, शेवटी रिपोर्ट. रिपोर्ट मंजूर झाला तरच पैसे आणि प्रमाणपत्र मिळतं. अलीकडच्या वर्षांत ही रक्कम ५०,००० रुपये आहे. वेळापत्रक आणि अटी बदलत राहतात, त्यामुळे त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा, व्हॉट्सॲपवर फिरणारा गोषवारा नको. एसटीएस मिळाली नाही तरी खालच्या पायऱ्या त्याच राहतात. कॉलेजच्या परवानगीनं, बिनपैशाचा प्रोजेक्टही करता येतो.

१. विषय नको, प्रश्न शोधा

‘मराठवाड्यातील मधुमेह’ हा विषय झाला. त्यावर आयुष्य काढता येईल, दोन महिन्यांत काहीच होणार नाही.

माझा प्रश्न मेडिसिनच्या ओपीडीत सापडला. मे महिना होता. एक आजी दोन तास एसटीनं येऊन बसल्या होत्या. सिस्टरनं इन्सुलिनची बाटली दाखवा म्हटल्यावर त्यांनी कापडी पिशवीतून भाकरीचं फडकं काढलं, त्याची गाठ सोडली आणि आतून बाटली काढून दिली. हाताला चक्क कोमट लागली. सिस्टर म्हणाल्या, ‘अहो, फ्रीजमध्ये ठेवायचं असतं हे.’ आजी म्हणाल्या, ‘फ्रीज कुठला आला माय? घरी माठाजवळ ठेवते की.’ सिस्टर पुढच्या पेशंटकडे वळल्या. मी मात्र तिथंच अडकले. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची, गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं, हे फार्माकॉलॉजीत घोकलेलं. पण उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जाणाऱ्या गावांत, वीज जाणाऱ्या घरांत, आपल्याच ओपीडीतून दिलेली बाटली नेमकी कुठं राहते? हे कुणी विचारलंय का?

झाला प्रश्न: ‘आमच्या ओपीडीत इन्सुलिन घेणारे पेशंट ते घरी कुठं आणि कसं ठेवतात?’ याला लॅब लागत नाही, रक्त लागत नाही, पैसा लागत नाही.

असे प्रश्न पोस्टिंगला रोज समोरून जातात. सर्पदंशाचा पेशंट दवाखान्यात येण्याआधी कुठं कुठं जाऊन आला आणि त्यात किती तास गेले? इन्सुलिनच्या ४० युनिटच्या बाटलीला १०० युनिटची सिरिंज कोण वापरतंय? लोहाच्या गोळ्या घरी नेलेल्या बाईनं त्या का सोडल्या? फवारणी करताना तोंडाला काय बांधतात? पोस्टिंगला खिशात छोटी वही ठेवा. जिथं जिथं ‘असं का?’ वाटलं तिथं एक ओळ लिहा. महिन्याभरात दहा-पंधरा ओळी होतात, त्यातल्या दोन कामाच्या निघतात.

डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. कोकणात बिरवाडी-महाडला त्यांनी विंचूदंशाच्या पेशंटपाशी बसून काय होतंय ते टिपून ठेवलं, आणि ती निरीक्षणं १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आली. पुढे प्राझोसिन या औषधाच्या वापरानं लाल विंचवाच्या दंशानं होणारे मृत्यू कुठल्या कुठं खाली आले. सुरुवातीला हाताशी होती ती खाट, पेशंट आणि वही. लॅब नाही म्हणून रडायची सवय मी हे वाचल्यावर सोडली.

इथं सगळ्यांचा पाय घसरतो तो एकाच ठिकाणी: पेशंट किती मिळतील याचा अंदाज. आपल्याला वाटतं ओपीडी भरलेली असते, रोज वीस मिळतील. आठवडाभर ओपीडीत बसा आणि तुमच्या प्रश्नात बसणाऱ्या प्रत्येक पेशंटमागे वहीत एक रेघ मारा. माझा अंदाज रोज दहाचा होता. रेघा मोजल्या तर दिवसाला तीन पडत होत्या.

आणि पहिल्याच प्रोजेक्टला औषध देऊन परिणाम बघायच्या भानगडीत पडू नका. अशा चाचणीची पहिला पेशंट घेण्याआधीच सीटीआरआयवर, म्हणजे अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी लागते, विम्याचे आणि सुरक्षेचे प्रश्न येतात. बघा, विचारा, मोजा, एवढं पुरे.

२. आधी कुणी काय केलंय ते बघा

पबमेड ही वैद्यकीय पेपर शोधायची वेबसाइट फुकट आहे. प्रश्नातले दोन-तीन मुख्य शब्द इंग्रजीत लिहा, त्यांना ‘अँड’नं जोडा. एकाच गोष्टीला दोन नावं असतील तर ती ‘ऑर’नं जोडून कंसात टाका. हजार पेपर आले तर शब्द वाढवा, दोनच आले तर कमी करा. गुगल स्कॉलरवर भारतीय जर्नल्समधलं बरंच काही सापडतं जे पबमेडवर नसतं.

मला इंग्रजी पेपर वाचायला सुरुवातीला एकेक संध्याकाळ लागायची. नंतर युक्ती कळली. आधी गोषवारा, मग थेट तक्ते, मग पद्धत. प्रस्तावना आणि चर्चा शेवटी, लागली तरच. प्रत्येक पेपरसाठी एक्सेलमध्ये एक ओळ करायची: कुठला देश, कुठलं गाव, किती पेशंट, काय विचारलं, काय सापडलं, काय विचारायचं राहिलं. हा शेवटचा रकाना सोन्याचा. दहा-बारा ओळी झाल्या की तुमच्या प्रोजेक्टची गरज का आहे, हे त्या रकान्यातूनच लिहून होतं.

पेपर पैसे मागत असेल तर लेखकाला दोन ओळींची मेल टाका. मी तिघांना टाकली होती, दोघांनी पीडीएफ पाठवली. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरो या सॉफ्टवेअरमध्ये साठवा, तेही फुकट आहे. चॅटबॉटला ‘या विषयावरचे संदर्भ दे’ असं सांगून मिळालेली यादी मात्र जशीच्या तशी चिकटवू नका. जगात नसलेले पेपरही ते छातीठोकपणे देतात. जो पेपर उघडून पाहिला नाही, तो यादीत नको.

३. गाईड गाठा, पण रिकाम्या हातानं नको

‘सर, काहीतरी विषय द्या ना’ असं म्हणत गेलात की दोनच गोष्टी होतात. एक तर सर ‘बघू’ म्हणतात, नाहीतर कुणाच्या तरी थीसिसचा उरलेला तुकडा तुमच्या गळ्यात पडतो. एका पानावर प्रश्न, तो का पडला, कुणाला विचारणार आणि किती दिवसांत, एवढं मराठी-इंग्रजी मिसळून का होईना, लिहून न्या.

मोठं नाव बघून गाईड निवडू नका. वेळ देणारा माणूस बघा. पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) आणि फार्माकॉलॉजीतले असिस्टंट प्रोफेसर बहुतेकदा बसून ऐकून घेतात, शिवाय आकडेशास्त्र जाणणारा माणूस पीएसएमलाच सापडतो. मी आधी ज्यांच्याकडे गेले त्यांनी दोन महिने ‘पुढच्या आठवड्यात ये’ करत घालवले. नाही म्हणायचा त्यांना संकोच होता आणि दुसरीकडे जायचा मला. तीन आठवड्यांत कागदावर एकही दुरुस्ती मिळाली नाही तर आभार मानून दुसरं दार ठोठवा. एसटीएसमध्ये एका गाईडला एका वर्षी एकच विद्यार्थी घेता येतो, त्यामुळे उशीर केलात तर चांगली माणसं गेलेली असतात.

नावांचा विषय याच टप्प्यावर काढा. लाज वाटते, पण काढा. पेपरवर कुणाची नावं येणार, पहिलं कुणाचं? आयसीएमजेई या वैद्यकीय संपादकांच्या मंडळाचे निकष स्पष्ट आहेत: कामात खरा वाटा, लिखाणात किंवा दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि मजकुराची जबाबदारी. चारही हवेत. रूममेटनं प्रिंट काढून आणली म्हणून तिचं नाव लेखकांत जात नाही, आभारात जातं.

४. प्रोटोकॉल लिहा

प्रोटोकॉल म्हणजे अभ्यासाचा लेखी आराखडा. चार-पाच पानांचा पुरतो. पार्श्वभूमी, प्रश्न, उद्दिष्टं (दोनच ठेवा, फार तर तीन), कुठं, कुणाला घेणार, कुणाला वगळणार, किती जण, काय विचारणार, आकडेमोड कशी करणार.

‘किती जण’ याला सगळे घाबरतात. टक्केवारी काढायच्या साध्या अभ्यासाला पीएसएमच्या पुस्तकातलं चार पीक्यू भागिले डीचा वर्ग हे सूत्र चालतं. पी म्हणजे अपेक्षित टक्केवारी, क्यू म्हणजे शंभरातून उरलेली, डी म्हणजे किती टक्के इकडंतिकडं झालेलं चालेल ते. आधीचा आकडा माहीत नसेल तर पी ५० धरतात, कारण त्यानं नमुना सर्वांत मोठा येतो. मी डी १० धरला: ४ गुणिले ५० गुणिले ५०, भागिले १००. आले १००. डी ५ धरला असता तर ४०० आले असते, आणि दिवसाला तीन रेघांच्या हिशेबानं मी अजून ओपीडीतच बसले असते. मोठा नमुना बरा दिसतो म्हणून घेऊ नका. सूत्र, रेघा आणि दिवस यांचा मेळ बसेल तोच आकडा लिहा, आणि तो का घेतला तेही लिहा. शंभरच घेतले तर उत्तरात दहा टक्क्यांचा हेलकावा राहणार, हे कबूल करून पुढे जा.

५. एथिक्स कमिटी

माणसांवरच्या कुठल्याही अभ्यासाला कॉलेजच्या या समितीची परवानगी लागते. इथं सर्वांत जास्त दिवस वाया जातात, तेही कागदांपायी. समितीपुढं न्यायचा गठ्ठा साधारण असा असतो:

– समितीच्या ठरावीक नमुन्यातला अर्ज, गाईड आणि एचओडींच्या (विभागप्रमुखांच्या) सह्यांसकट
– प्रोटोकॉल
– प्रोफॉर्मा, म्हणजे प्रश्नावली, मराठी आणि इंग्रजीत
– पेशंटसाठी माहितीपत्रक आणि संमतीपत्र, पेशंटच्या भाषेत
– ज्या विभागात पेशंट भेटणार त्या विभागाचं परवानगीपत्र
– तुमचा आणि गाईडचा छोटा परिचय
– खर्च कुठून होणार ते आणि हितसंबंध नसल्याचं निवेदन

कॉलेजागणिक यात दोन-चार कागद इकडंतिकडं होतात. समितीच्या कार्यालयात जाऊन यादी स्वतः उतरवून घ्या आणि पुढच्या बैठकीची तारीख विचारा. ही तारीख सगळ्यांत महत्त्वाची, कारण बैठक रोज होत नाही. माझं संमतीपत्र फक्त इंग्रजीत होतं म्हणून गठ्ठा परत आला, मराठी करून नेईपर्यंत बैठक उरकली होती, आणि पुढची थेट सात आठवड्यांनी होती. कागद दिलेत की आवक क्रमांक घ्या आणि शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा. ‘दिले होते’ याला कार्यालयात किंमत नाही.

आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं निदान संमतीच्या प्रकरणापुरती वाचा. अठराच्या आतलं लेकरू असेल तर पालकांची संमती लागते. सात ते बारा वयाच्या लेकराचा तोंडी होकार आणि बाराच्या पुढच्याचा लेखी होकार वेगळा घ्यायचा. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना त्रयस्थ साक्षीदार पाहिजे. तुम्ही किंवा गाईड साक्षीदार होऊ शकत नाही.

परवानगीचं पत्र हातात पडेपर्यंत एकही फॉर्म भरायचा नाही. मागच्या तारखेची मंजुरी मिळत नाही. ‘नुसते जुने केस पेपरच बघायचेत’ तरी समितीकडे जावंच लागतं. सूट द्यायची की नाही ते समिती ठरवते, आपण नाही.

६. प्रोफॉर्मा: इथं मराठीच कामाला येते

इंग्रजी पेपरमधली प्रश्नावली उचलून शब्दाला शब्द मराठी केली तर काय होतं, ते सांगते. माझा पहिला प्रश्न होता: ‘आपल्या घरी शीतकपाट उपलब्ध आहे काय? होय / नाही.’ पहिल्या काकांनी विचारलं, ‘कसलं कपाट?’ मग ‘फ्रीज’ केलं. काका म्हणाले, ‘आहे.’ मी ‘होय’वर खूण केली. जाता जाता काकू म्हणाल्या, ‘आहे म्हणजे, बंद आहे दोन वर्षं झाली. पापड-लोणची ठेवते त्यात.’ दुसऱ्या एकाच्या घरी फ्रीज नव्हता, पण इन्सुलिन किराणा दुकानदाराच्या फ्रीजमध्ये होतं. तिसऱ्या बाईंनी फ्रीजच्या वरच्या खणात, बर्फात ठेवलं होतं, कारण ‘थंड ठेवा’ असं सांगितलं होतं ना! माझ्या होय-नाहीत हे तिन्ही बुडाले असते.

शेवटी प्रश्न असा झाला: ‘आत्ता या घडीला तुमची बाटली कुठं आहे?’ आणि पुढे रिकामी जागा. मग कळायला लागलं. माठाजवळच्या ओल्या वाळूत, रांजणाच्या बुडाशी, देवळीत, गाईच्या गोठ्यात ‘तिथं गार असतं म्हणून’.

त्यामुळे खरा अभ्यास सुरू करण्याआधी दहा पेशंटवर प्रश्नावली वापरून बघा. याला पायलट म्हणतात. हे दहा शंभरात धरायचे नाहीत, आणि समितीची परवानगी यालाही लागते. पायलटनंतर प्रश्न बदलले तर सुधारित प्रत समितीला कळवा. भाषांतर जमलंय का हे बघायचं तर मराठी प्रश्नावली दुसऱ्या कुणाकडून परत इंग्रजीत करून घ्या आणि मूळ प्रतीशी ताडून पहा. संभाजीनगर, परभणी, नांदेडकडं उर्दू-हिंदी बोलणारे पेशंट बरेच असतात, त्यांच्यासाठी वेगळी प्रत ठेवा.

अजून तीन ठिकाणी पाय घसरतो.

वय. म्हातारी माणसं ‘असंन साठ-सत्तर’ म्हणतात आणि आधार कार्डावर जन्मतारीख म्हणून नुसती एक जानेवारी असते. तेव्हा आपल्याकडच्या खुणा वापरा. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा (३० सप्टेंबर १९९३) लेकरं किती मोठी होती? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेला होतात का? रझाकाराच्या वेळचं काही आठवतं का? एका आजोबांनी केस पेपरवर ६० सांगितलं होतं, आणि मुक्तिसंग्रामाच्या वेळी, म्हणजे १९४८ च्या सुमारास, आईच्या कडेवर रानात लपल्याचं तेच सांगत होते.

उत्पन्न. सरळ विचारलं की आकडा खाली येतो, कारण तुम्ही योजनेचे लोक आहात असं वाटतं. रेशन कार्ड पिवळं की केशरी, शेत किती, कोरडवाहू की बागायत, घरात कमावती माणसं किती, असं आडवळणानं या. सामाजिक-आर्थिक वर्ग लावायला बी. जी. प्रसाद यांची श्रेणी खेड्यालाही चालते, कुप्पुस्वामी शहरासाठी आहे. दोन्हींचे आकडे महागाईप्रमाणे बदलतात, चालू वर्षाचे घ्या.

व्यसन. ‘काही व्यसन?’ विचारलं की बाई ‘नाही’ म्हणते. ‘दात कशानं घासता?’ विचारलं की ‘मिश्रीनं’. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, पण तिच्या लेखी ते व्यसन नाही.

७. फॉर्म भरताना

संमती घेताना सही म्हटलं की लोक बिचकतात. ‘सही कशाला? सातबाऱ्याचं काही नाही ना?’ असं मला एकदा नाही, अनेकदा विचारलं गेलं. घाई करू नका. माहितीपत्रक वाचून दाखवा, नाही म्हटलं तरी औषधोपचारात फरक पडणार नाही हे दोनदा सांगा. तरी नाही म्हणाले तर ‘नाही’ची नोंद करा आणि पुढे व्हा. किती जणांनी नकार दिला हेही रिपोर्टमध्ये लागतं.

पेशंटची रांग मोडू नका. डॉक्टरांना दाखवण्याआधी गाठलं तर सगळं लक्ष नंबरकडे असतं. औषधाच्या खिडकीवर चिठ्ठी देऊन बसले की पंधरा मिनिटं निवांत मिळतात. गावाची शेवटची बस कधी, हे आधी विचारा. साडेतीनची एसटी असलेल्या माणसाला तीन वाजता पकडून त्याची उत्तरं खरी मानू नका.

चूक दिसली तर? इन्सुलिन बर्फात ठेवणाऱ्या बाईंना मी मध्येच ‘अहो असं नाही’ म्हणून बसले आणि त्यांनी पुढची सगळी उत्तरं माझ्या सोयीची दिली. तेव्हापासून फॉर्म पूर्ण होईपर्यंत गप्प राहायचं आणि तो मिटल्यावर नीट समजावून सांगायचं ठरवलं. न सांगता पेशंटला जाऊ द्यायचं नाही, ते आपलं डॉक्टर म्हणून काम आहे.

महिना निवडताना गावाचं पंचांग बघा. पेरणीच्या दिवसांत ओपीडी ओस पडते, आठवडी बाजाराच्या दिवशी फुलते. बीडकडचे ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन बाहेर पडतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. नोव्हेंबरात भेटलेल्याला ‘महिन्यानं परत या’ सांगून उपयोग नाही, तो तोपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात पोचलेला असतो. पुन्हा भेट लागणारा अभ्यास असेल तर हे आधीच धरा, नाहीतर निम्मे पेशंट गळतात.

आणि आत्मविश्वासाचं विचाराल, तर मला तो चाळिसाव्या फॉर्मच्या आसपास आला. तोवर मी ‘सॉरी, दोन मिनिटं’ म्हणत म्हणत विचारत होते. चाळिसाव्याला एका जेआरनं (ज्युनियर रेसिडेंटनं) ‘कशाचा स्टडी आहे?’ विचारलं आणि मी न अडखळता, इंग्रजीत, तीन वाक्यांत सांगितलं. नंतर लक्षात आलं की पाठ केलेलं काहीच नव्हतं.

८. आकडे

रोजचे फॉर्म त्याच रात्री एक्सेलमध्ये भरा. एका पेशंटला एक ओळ, एका प्रश्नाला एक रकाना. नाव टाकायचं नाही, फक्त क्रमांक. क्रमांक आणि नावाची जोडी वेगळ्या वहीत, कुलपात. मी वयाच्या रकान्यात कुठं ‘45’, कुठं ‘45 वर्षे’, कुठं ‘पंचेचाळीस’ लिहिलं होतं, आणि सरासरी काढायला गेल्यावर एक्सेलनं हात वर केले. एक अख्खा रविवार दुरुस्तीत गेला. पहिल्याच दिवशी एक संकेतपत्र करा (फ्रीज चालू १, फ्रीज बंद २, शेजारचा फ्रीज ३) आणि ते भिंतीला चिकटवा.

एपी इन्फो आणि जमोव्ही ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. पहिल्या प्रोजेक्टला टक्केवारी, सरासरी किंवा मध्यक आणि दोन गोष्टींचा संबंध तपासणारी एखादी काय-स्क्वेअर चाचणी एवढ्यानं भागतं. सगळे रकाने एकमेकांशी लावून कुठं पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली येऊन संबंध ‘लक्षणीय’ ठरतो ते शोधत बसू नका. वीस जोड्या तपासल्या तर एखादी निव्वळ योगायोगानंही लागते. आणि फ्रीज असलेल्यांची साखर बरी दिसली, तर ती फ्रीजमुळे असं लिहायचं नाही. ज्याच्या घरी फ्रीज आहे त्याच्या घरी पैसाही आहे, दवाखाना जवळ आहे, शिक्षण आहे. एकाच वेळी सगळं विचारलेल्या अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही.

९. रिपोर्ट, पोस्टर, पेपर

लिहिताना स्ट्रोबची यादी समोर ठेवा. निरीक्षणात्मक अभ्यासात काय काय यायला हवं ते तीत ओळीनं दिलं आहे. आधी तक्ते करा, मग निकाल, मग पद्धत, प्रस्तावना शेवटी. उणिवा लपवू नका. माझा अभ्यास एकाच ओपीडीतला होता आणि बाटली मी डोळ्यांनी पाहिली नव्हती, पेशंटनं सांगितलं तेच लिहिलं होतं. हे लिहिल्यावर परीक्षकांचे दोन प्रश्न आपोआप गळाले.

पेपरच्या आधी पोस्टर करा. कॉलेजातली परिषद असेल, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून ‘आविष्कार’ या संशोधन स्पर्धेचा मार्ग असेल, कुठंही चालेल. पोस्टरसमोर उभं राहून लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देताना आपल्या कामातली भोकं दिसतात, ती पेपर पाठवण्याआधी बुजवता येतात.

पेपर पाठवायची वेळ आली की इनबॉक्समध्ये गोड मेल यायला लागतात. ‘आदरणीय डॉक्टर, आपल्या थोर संशोधनाने आम्ही प्रभावित झालो आहोत’, आणि चार दिवसांत छापून द्यायची हमी. तुम्ही अजून डॉक्टर झालेलेही नसता. असले जर्नल पैसे घेतं आणि काहीही छापतं, नंतर ते नाव आयुष्यभर यादीतून पुसता येत नाही. जर्नल मेडलाइन किंवा डीओएजे या विश्वासार्ह जर्नल्सच्या सूचींमध्ये आहे का, संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, फी किती ते आधी लिहिलंय का, हे बघा, आणि कॉलेजच्या लायब्ररियनना विचारा. परत आलेल्या पेपरचं दुःख दोन दिवस करा. माझा दोनदा परत आला. दुसऱ्या वेळच्या समीक्षकानं पाठवलेल्या दीड पानाच्या शेऱ्यांतून मला जे कळलं ते वर्गात कुणी शिकवलं नव्हतं.

१०. ज्यांना विचारलं त्यांना परत सांगा

ही पायरी कुठल्याच अर्जात नसते. निकाल आला की एचओडींची परवानगी घेऊन अर्ध्या पानाचं मराठी पत्रक करा आणि तुम्ही जिथं बसून फॉर्म भरले तिथंच लावा. मी औषधाच्या खिडकीजवळ लावायला घेऊन गेले: इन्सुलिन बर्फाच्या खणात ठेवू नका, गोठलेली बाटली वापरू नका, उन्हात नेऊ नका, फ्रीज नसेल तर वापरातली बाटली सावलीत, माठाजवळ गारव्याला ठेवा आणि किती दिवस चालेल ते इथं विचारा. फार्मासिस्ट काकांनी चष्मा वर करून ते पूर्ण वाचलं, खिशातला पेन काढला आणि ‘गारवा’च्या पुढं कंसात लिहिलं, ‘पाण्यात बुडवू नका’. ‘परवाच एकानं बाटली बुडवून आणली होती,’ म्हणाले, ‘लेबल निघून गेलेलं.’ ते माझ्या शंभर फॉर्ममध्ये कुठंच आलं नव्हतं.